रक्तहीन म्हटलेल्या प्राण्याचं निळं रक्त

२०२२च्या जुलैत बीड, लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत सोयाबीनवर गोगलगायींची धाड पडली. नुकतं वर आलेलं दोन पानांचं रोप रात्रीतून फस्त होत होतं. सकाळी बांधावर उभं राहावं तर ओळीच्या ओळी गायब आणि मातीवर फक्त चकाकणारे चिकट पट्टे. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. कृषी विभागाचा सल्ला होता तो साधा आणि कष्टाचा : गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं शेतात टाका, त्याखाली जमलेल्या गोगलगायी संध्याकाळी आणि भल्या पहाटे वेचा, मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा.

त्या दिवसांत कितीतरी गोगलगायी पायाखाली चिरडल्या गेल्या असतील. चिरडलेल्या गोगलगायीतून लाल थेंब मात्र येत नाही. येतो तो शेंबडासारखा चिकट द्रव आणि थोडं गढूळ पाणी. त्यामुळे ‘हिला रक्तच नसतं’ असं कुणी म्हटलं, तर त्यात नवल नाही.

असं म्हणणारा माणूस एकटा नाही. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे दोन मोठे गट केले होते, रक्त असलेले आणि रक्त नसलेले. गोगलगायी, शिंपले, खेकडे, किडे हे सगळे त्याच्या लेखी रक्तहीन. अठरावं शतक संपता संपता फ्रान्समधले अभ्यासक त्यांना ‘पांढऱ्या रक्ताचे प्राणी’ म्हणू लागले. म्हणजे रक्त आहे एवढं मान्य झालं, पण त्याचा रंग चुकला.

गोगलगायीच्या रक्ताचा रंग निळा असतो. तो दिसायला एक अट असते, आणि ती अट कळायला माणसाला फार वेळ लागला. त्या वेळाचाच हा इतिहास.

तांबं सापडलं

गोष्ट सुरू होते इटलीत, आणि तीही खोट्या रक्तापासून. १८१९ साली पादुआजवळच्या एका गावात मक्याच्या घाट्यावर लाल डाग उमटायला लागले. लोक घाबरले. अन्नातून रक्त येतंय म्हटल्यावर पाप, शाप, भूतबाधा अशी सगळी कारणं निघाली. बार्तोलोमेओ बिझिओ नावाच्या तरुण अभ्यासकाने दाखवून दिलं की, हा एका सूक्ष्म जिवाचा प्रताप आहे. त्याने त्या जिवाला ‘सेराशिया’ हे नावही दिलं, ते आजही चालतं.

हाच बिझिओ पुढे व्हेनिसमध्ये समुद्री गोगलगायींकडे वळला. त्याचं लक्ष होतं ‘म्युरेक्स’ या गोगलगायीवर. प्राचीन काळी भूमध्य समुद्राकाठी राजवस्त्रं रंगवायचा जांभळा रंग याच जातींतून काढत. १८३३च्या सुमारास रासायनिक तपासणी करताना त्याला या गोगलगायीत तांबं सापडलं. जिवंत प्राण्याच्या शरीरात लोह असतं हे तोवर माहीत होतं. पण तांबं? ते तर भांड्यांचं आणि नाण्यांचं.

त्यानंतर १४ वर्षांनी, १८४७ साली, एमिल हार्लेस या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एक निबंध छापला. त्याचा विषयच होता काही अपृष्ठवंशी प्राण्यांचं निळं रक्त आणि त्यातलं तांबं. जमिनीवरची गोगलगाय आणि समुद्रातले तिचे नातलग, दोन्हींच्या रक्तात त्याला तेच दिसलं.

त्याच १८४७ सालची दुसरी एक नोंद आपल्या जास्त जवळची आहे. विल्यम बेन्सन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला अधिकारी शंख-शिंपल्यांचा मोठा शौकीन होता. त्याने मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि चौरंगीतल्या एका बागेत त्या सोडल्या गेल्या. मूळची पूर्व आफ्रिकेची, मुठीएवढी वाढणारी, एका वेळी शेकड्याने अंडी घालणारी ही जात. शास्त्रीय नाव ‘अकॅटिना फुलिका’. आपले कृषी अधिकारी तिला शंखी गोगलगाय म्हणतात. मराठवाड्यातलं सोयाबीन खाणारी हीच.

म्हणजे जर्मनीत गोगलगायीच्या निळ्या रक्तावरचा निबंध छापला जात होता, त्याच वर्षी त्या रक्ताची सगळ्यात उपद्रवी वाहक भारतात उतरत होती. एकाला दुसऱ्याची खबर असण्याचं काहीच कारण नव्हतं.

रंग कधी दिसतो

तांबं आहे, पण ते करतं काय? याचं उत्तर १८७८ साली लिओन फ्रेडरिक या बेल्जियन शरीरशास्त्रज्ञाने दिलं, तेही ऑक्टोपसवर काम करून. ऑक्टोपस आणि गोगलगाय दोघंही मृदुकाय, म्हणजे रक्ताच्या बाबतीत सख्खी नाही तरी चुलत भावंडं.

फ्रेडरिकने पाहिलं ते असं. ऑक्टोपसच्या कल्ल्यांकडे जाणारं रक्त जवळजवळ रंगहीन असतं. कल्ल्यांतून बाहेर पडणारं रक्त निळं असतं. काढलेलं रक्त हवेत हलवलं की निळं होतं, हवा काढून घेतली की रंग उडतो. आपल्या रक्तात जे काम हिमोग्लोबिन करतं, तेच काम इथे दुसरा कुणीतरी करत होता. फ्रेडरिकने त्याला नाव दिलं ‘हिमोसायनिन’. ग्रीक भाषेत ‘हायमा’ म्हणजे रक्त आणि ‘कायनॉस’ म्हणजे निळा.

ती अट हीच. रक्तात प्राणवायू असेल तरच निळा रंग. प्राणवायू उतरला की तांब्याची अवस्था बदलते आणि रंग नाहीसा होतो. वापरून झालेलं आपलं रक्त गडद का होईना, लालच राहतं. गोगलगायीचं रक्त मात्र रिकामं झालं की पाण्यासारखं दिसतं. शिवाय चिरडलेल्या गोगलगायीत ते शेंबडात मिसळून पातळ होतं. ॲरिस्टॉटलला फसवलं ते यानेच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे तांबं प्रथिनात घट्ट बांधलेलं असतं म्हणून ते जगवतं. सुटं तांबं गोगलगायीला विषासारखं असतं. मोरचूद आणि चुना कालवून केलेली बोर्डो पेस्ट फळझाडांच्या खोडाला लावतात, ती बुरशीसाठी तर असतेच, पण गोगलगायींनी झाडावर चढू नये म्हणूनही तिची शिफारस होते. मोरचूद म्हणजे तांब्याचंच क्षार. जे तांबं तिच्या रक्तात प्राणवायू वाहतं, तेच खोडावर तिची वाट अडवतं.

वजन निघालं

नाव मिळालं, काम कळलं. पण हा रेणू दिसतो कसा, केवढा असतो, याचा पत्ता पुढची ५० वर्षं नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक रसायनशास्त्रज्ञांचा असाच समज होता की प्रथिनं म्हणजे लहान-मोठ्या कणांचा एक चिकट गोळा. त्याला ठरावीक वजन असणारच नाही.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात थिओडोर स्वेडबर्ग यांनी यावर एक यंत्र बांधलं. दूध संघातलं मलई वेगळी करणारं यंत्र आठवा. दूध गरगर फिरवलं की जड भाग बाहेरच्या बाजूला जातो आणि हलका आत राहतो. स्वेडबर्ग यांनी तेच तत्त्व घेतलं, फक्त वेग अफाट वाढवला. या यंत्राला म्हणतात अल्ट्रासेंट्रिफ्यूज. प्रथिनाचं द्रावण फिरत असताना त्याचे फोटो काढायचे आणि रेणू किती वेगाने तळाकडे सरकतात त्यावरून वजन काढायचं.

१९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी युरोपातल्या खाण्याच्या गोगलगायीचं हिमोसायनिन या यंत्रात घातलं. तो गोळा असता तर लहान-मोठे कण आपापल्या वेगाने सरकले असते आणि कडा पुसट दिसली असती. प्रत्यक्षात कडा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ दिसली. सगळे रेणू एकाच वजनाचे होते. आणि वजन? हायड्रोजनच्या अणूचं वजन एक धरलं तर हे निघालं ५० लाखांच्या घरात. नंतरच्या मोजण्यांत ते आणखी वाढलं. तुलनेसाठी सांगायचं तर आपल्या हिमोग्लोबिनचं वजन साधारण ६४,५०० आहे.

पुढे १९३६पर्यंत उप्सालामध्ये आणखी एक गंमत दिसली. द्रावणाची आम्लता बदलली की हा अजस्र रेणू फुटतो, पण कसाही नाही. आधी बरोबर अर्धा होतो, मग त्याचे आणखी लहान हिस्से होतात. आम्लता पूर्ववत केली की तुकडे पुन्हा जुळतात. म्हणजे हा गोळा नव्हता. हे बांधकाम होतं, आणि त्याला विटा होत्या.

चेहरा दिसला

विटांचा आकार दिसायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला. १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात काढलेल्या चित्रांत गोगलगायीचं हिमोसायनिन वरून गोल आणि बाजूने चौकोनी दिसलं. वरून गोल, बाजूने चौकोन म्हणजे पिंप.

पण मायक्रोस्कोपमधलं चित्र हे सपाट असतं. भिंतीवर पडलेल्या सावलीवरून वस्तू ओळखण्यासारखा तो प्रकार. केंब्रिजमध्ये ॲरन क्लुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सपाट चित्रांवरून गणिताने त्रिमितीय आकार उभा करण्याची पद्धत शोधली होती. १९७२ साली मेल्लेमा आणि क्लुग यांनी ती समुद्री गोगलगायींच्या हिमोसायनिनला लावली. पिंपाला जाड भिंत निघाली, आणि आतल्या बाजूला तोंडाशी एक कडं. क्लुग यांना १९८२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच पद्धतीसाठी आणि तिच्यातून उलगडलेल्या रचनांसाठी.

आज आपल्याला हे पिंप तपशिलात माहीत आहे. त्याची रुंदी ३५ नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रेघेत अशी सुमारे २८ हजार पिंपं शेजारी-शेजारी मावतील. २० लांब साखळ्यांनी एक पिंप बनतं. प्रत्येक साखळीत मण्यांसारखे आठ भाग, त्यातले सहा भिंतीत बसतात आणि दोन आतल्या कड्यात. मध्यावर तोडलं की १०-१० साखळ्यांची दोन अर्धी पिंपं होतात. उप्सालात बरोबर अर्धा झालेला रेणू तो हाच.

आणि प्रत्येक मण्यात तांब्याचे दोन अणू.

हे दोन का, ते समजायला बीडचाच एक शब्द उपयोगी पडतो. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. हिमोसायनिनमध्येही एकट्या तांब्याच्या अणूला प्राणवायू धरता येत नाही. दोन अणू समोरासमोर, प्रत्येकाला हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लाच्या तीन-तीन टोकांनी पकडलेलं, आणि त्या दोघांच्या मध्ये प्राणवायूचा एक रेणू. हा एक कोयता. साखळीत असे आठ, पिंपात १६०. म्हणजे एका रेणूत तांब्याचे ३२० अणू आणि १६० प्राणवायू-रेणूंची जागा. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा एक अणू एकट्याने एक प्राणवायू धरतो, आणि असे चारच.

आकड्यांनी फसू नका. वजनाच्या हिशेबात हिमोसायनिन हे काही फार किफायतशीर वाहन नाही. एक प्राणवायू-रेणू नेण्यासाठी त्याला हिमोग्लोबिनच्या तिप्पट वजन लागतं. मग एवढं मोठं पिंप कशाला?

कारण गोगलगायीकडे लाल पेशींसारख्या पिशव्या नाहीत. आपलं हिमोग्लोबिन पेशींत भरलेलं असतं, तिचं हिमोसायनिन थेट रक्तद्रवात तरंगतं. तेच १६० कोयते सुटे-सुटे सोडले असते तर रक्तात कणांची गर्दी झाली असती, आणि जिथे कणांची गर्दी तिथे पाणी ओढलं जातं. मीठ टाकल्यावर गोगलगायीच्या अंगातलं पाणी बाहेर येतं, ते याच नियमाने. म्हणून एकाच पिंपात १६० जागा बसवल्या, की कण एक आणि काम १६०चं.

अणूपर्यंत

शेवटचा टप्पा अणूंचा. १९९८ साली ऑक्टोपसच्या हिमोसायनिनच्या एका मण्याचा स्फटिक करून त्याची रचना क्ष-किरणांनी वाचली गेली. २००३ साली ‘रापाना’ या समुद्री गोगलगायीच्या एका मण्याची रचना प्रसिद्ध झाली. ही मूळची अतिपूर्वेच्या समुद्रातली, माणसाच्या जहाजांबरोबर काळ्या समुद्रात पोचली आणि तिथल्या शिंपल्यांचा फडशा पाडू लागली. आपल्या शंखी गोगलगायीची समुद्रातली जुळी बहीणच म्हणायची. २००९ साली जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात गात्सोजियानिस आणि मार्कल यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या ‘कीहोल लिंपेट’ या गोगलगायीचं अख्खं पिंप बर्फात गोठवून मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि आठही मणी जागच्या जागी बसवून दाखवले.

अणूंच्या पातळीवर पोचल्यावर एक नातं उघड झालं, ते आपल्या ओट्यावरचं आहे. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. हा रंग आणणाऱ्या विकरातही असेच तांब्याचे दोन अणू समोरासमोर असतात, तसेच हिस्टिडीनने धरलेले. आपल्या त्वचेचा आणि केसांचा रंग बनवणारं टायरोसिनेज हेही त्याच घराण्यातलं. प्राणवायूशी खेळणारी ही जुनी जोडी. कुणी तिचा उपयोग रंग बनवायला केला, गोगलगायीच्या पूर्वजांनी श्वासासाठी केला.

या रेणूचा माणसालाही उपयोग झाला. लिंपेटचं हिमोसायनिन माणसाच्या शरीराला इतकं परकं आणि इतकं मोठं वाटतं की, प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते. म्हणून जो छोटा रेणू शरीर एरवी दुर्लक्षित करेल, तो या पिंपाला चिकटवून प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना टोचतात आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं मिळवतात. १९७४ साली अमेरिकेत कार्ल ओल्सन आणि सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती तपासायला ते टोचलं, तेव्हा ज्यांना टोचलं त्यांच्यात गाठी पुन्हा येण्याचं प्रमाण कमी दिसलं. त्या आजारात आज मुख्य वापर बीसीजीचा होतो, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या दंडावर व्रण ठेवून गेलेल्या लसीचा. पण लिंपेटचं प्रथिन प्रयोगशाळांतून गेलेलं नाही.

समुद्र नसलेल्या जिल्ह्यात

बीडला समुद्र नाही. समुद्री गोगलगाय तिथे येते ती कवडी होऊन. तुळजापूरच्या भवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली माळ कवड्यांची असते, आणि कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचं रिकामं घर. एके काळी ती नाणं म्हणून चालायची. भाषेत मात्र आपण तिला ‘कवडीमोल’ करून टाकली. परळीच्या वैजनाथासमोर फुंकला जाणारा शंखही समुद्री गोगलगायीचाच. दोघींच्या आत कधीकाळी निळं रक्त वाहत होतं.

पण रक्त पाहायला कवडीपर्यंत जायची गरज नाही. मराठवाड्यातल्या ओढ्यात किंवा तळ्यात पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती, बोटाच्या पेराएवढी एक गोगलगाय सहज सापडते, ‘मेलनॉइडिस ट्युबर्क्युलाटा’. २०१०मध्ये मार्कल यांच्याच गटाने दाखवलं की, तिच्या रक्तात नेहमीच्या पिंपांहून मोठं, तीन अर्धी पिंपं एकावर एक रचलेलं हिमोसायनिन असतं. वजन सुमारे १ कोटी ३५ लाख. जिच्याकडे कुणी वळून पाहत नाही, तिच्यात हा मनोरा.

त्याच तळ्यात चकलीसारख्या चपट्या गुंडाळीची आणखी एक गोगलगाय असते, ‘इंडोप्लॅनॉर्बिस’. तिचं रक्त चक्क लाल असतं. तिच्या घराण्याने प्राणवायू वाहायचं काम हिमोसायनिनकडून काढून घेतलं आणि लोहाचं नवं हिमोग्लोबिन घडवलं. पेशींच्या पिशव्या मात्र तिलाही नव्हत्या, म्हणून तेही रक्तद्रवात मोकळं तरंगतं आणि तेही महाकायच झालं. धातू बदलला, पण अडचण तीच असल्यामुळे तोडगाही तोच निघाला.

शेतातली शंखी, ओढ्यातली निमुळती आणि कॅलिफोर्नियाची लिंपेट या कधी एकमेकींना भेटलेल्या नाहीत. तरी तिघींच्या पिंपाची मांडणी एकाच घराण्याची, कारण तिघींचे पूर्वज एकाच समुद्रातले. बालाघाटचे डोंगर ज्या काळ्या दगडाचे आहेत तो दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. हे पिंप त्याहून कितीतरी जुनं. बालाघाट तयार व्हायच्या आधी ते समुद्रात तरंगत होतं.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं आपण म्हणतो. शास्त्रज्ञांनी या गटाला दिलेल्या ‘गॅस्ट्रोपॉड’ या ग्रीक नावाचा अर्थही नेमका पोट-पाय असाच आहे. पोटातले पाय दोघांनाही दिसले. रक्त दिसायला मात्र बिझिओपासून माइन्झपर्यंत पावणेदोनशे वर्षं लागली, आणि एका पिढीला एकच पायरी चढता आली : धातू, रंग, वजन, आकार, अणू.

हे कळल्याने सोयाबीन वाचत नाही. गोणपाटं भिजवावीच लागतील, गोगलगायी वेचाव्याच लागतील. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे आणि ते करणारा प्राणी सोडून देण्यासारखा नाही. फक्त बादलीत पडते ती रक्तहीन नसते, एवढं आता आपल्याला ठाऊक आहे.